आखाजीपूर्वींचा आंबा

आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. एक आस्तिक पक्ष आणि दुसरा नास्तिक पक्ष. घरांत माणसें दोनच असल्यामुळें कोणत्याहि पक्षाला बहुमत म्हणून कधीं मिळत नाहीं, आणि पंचवीस वर्षांच्या संसारांत एकानेंहि पक्षांतर केलेलें नाहीं. यांपैकीं पति कोणत्या पक्षाचा आणि पत्नी कोणत्या पक्षाची, हें आम्ही येथें सांगणार नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरावरून तर्क करावा. तो चुकला तरी पुढील हकीकतींत कांहीं बिघडणार नाहीं.

निबंध लिहिणारानें स्वतःस 'आम्ही' म्हणावें ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्या 'आम्ही'मध्यें बहुधा एकच गृहस्थ असतो, आणि त्याची पत्नी आंत स्वयंपाक करीत असते. आमचा 'आम्ही' मात्र खरोखरीच दोघांचा आहे. हा लेखहि दोघांनीं मिळून लिहिला आहे. एकानें लिहिलेलें वाक्य दुसऱ्यानें खोडावें असें पुष्कळदां झालें, आणि दोघांनाहि मान्य झालें तेवढेंच खालीं उतरलें आहे. रमाबाई रानडे यांनीं 1910 सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हां पुस्तकाचें नांव 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' असें ठेवलें. माधवराव जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं, तरी त्यांना 'माझ्या' असें लिहवलें नाहीं. त्या पुस्तकाच्या नांवांतील तो पहिला शब्द आम्हां दोघांनाहि फार आवडतो, आणि आम्हां दोघांना एकदम आवडणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत.

धर्माच्या बाबतींत नवराबायकोचें एकमत नसावें ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. नारायण वामन टिळक यांनीं 1895 च्या फेब्रुवारींत मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई त्या वेळीं त्यांच्याबरोबर गेल्या नाहींत. पुढें पांच वर्षांनीं गेल्या, पण त्या स्वतःच्या विचारानें गेल्या. 'स्मृतिचित्रें' वाचतांना मधल्या त्या पांच वर्षांपाशीं आमचें पान नेहमीं थांबतें. आमचा मतभेद त्या मानानें अगदींच घरगुती. त्यापायीं कोणी घर सोडलें नाहीं, कीं कोणी कोणास अंतरलें नाहीं. समई लावावी कीं लावूं नये, यावर आमच्या घरीं वाद होत नाहीं. लावलेली समई वाऱ्यानें विझली तर पुन्हां उठावें कोणीं, यावर होतो. परंतु एका उन्हाळ्यांत एका आंब्यावरून हा मतभेद असा पेटला कीं, त्याची धग आम्हांस अजून आठवते.

आम्ही मोलगीस राहतों. मोलगी हें अक्कलकुवा तालुक्यांतलें, सातपुड्याच्या डोंगरांतलें गांव. तालुका आतां नंदुरबार जिल्ह्यांत आहे. 1 जुलै 1998 रोजीं तो जिल्हा धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला. अक्कलकुव्याहून निघालें कीं देवगोईचा घाट चढून यावें लागतें. आमचीं दोघांचींहि घरें खालचीं, तापीकांठच्या काळ्या सपाटीवरचीं. शाळेंतील नोकरीच्या निमित्तानें आम्ही घाट चढून आलों, तेव्हां दोन वर्षें काढूं आणि बदली करून घेऊं असें दोघांचेंहि मत होतें. एकमत झालेली गोष्ट आमच्या हातून सहसा पार पडत नाहीं, त्याप्रमाणें तीहि पडली नाहीं. आम्ही येथेंच राहिलों.

येथें उन्हाळा होळीपासून मोजतात. जवळच काठी संस्थानची होळी होते. उंच बांबू उभारून ती पहांटे पेटवितात. ज्यांनीं नवस केलेला असतो ते लोक त्यापूर्वीं कित्येक दिवस खाटेवर बसत नाहींत, जमिनीवर निजतात, आणि होळीच्या दिवसांत अंगावर राखेचे ठिपके काढून, कमरेला घुंगरें व भोपळे बांधून नाचतात. ही होळी पाहण्याचा आग्रह दर वर्षीं नास्तिक पक्षाचा असतो. व्रतावर त्याचा विश्वास नाहीं, पण व्रत पाळणाऱ्या माणसांवर आहे. आस्तिक पक्षाला रात्रभर जागरण सोसत नाहीं. तो घरीं निजतो आणि सकाळीं परत आलेल्या नास्तिकाकडून सर्व हकीकत भक्तिभावानें ऐकतो.

होळीच्या सुमारास मोह फुलूं लागतो. तेव्हां झाडावर पान म्हणून नसतें. फुलें रात्रींतून पिकतात आणि पहांटे गळूं लागतात. झाडाखालचा पाचोळा आधींच जाळून जागा स्वच्छ केलेली असते. तेथें उजाडण्यापूर्वीं बाया आणि मुलें टोपल्या घेऊन बसतात, आणि तीं रसरशीत पिवळट फुलें वेंचून घरीं आणतात. वाळलीं म्हणजे तीं मनुकांसारखीं दिसतात. आमच्या शेजारणीच्या अंगणांत एक मोह आहे, आणि त्याची एक फांदी आमच्या पडवीच्या पत्र्यावर येते. हंगामांतलें पहिलें फूल पत्र्यावर पडलें कीं बारीकसा आवाज होतो. तो आधीं कोणीं ऐकला याची आमच्यांत चढाओढ असते, आणि जो जिंकतो तो सकाळीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या तारखेच्या चौकटींत 'मोह' असें लिहितो. ही दिनदर्शिका आमच्या घरांतली एकमेव सामाईक पोथी होय. आस्तिक पक्ष तींत तिथि, चतुर्थी, एकादशी पाहतो. नास्तिक पक्ष दुधाचा हिशेब, पहिलें फूल, पहिला वळीव, पहिला काजवा यांची नोंद करतो. जुन्या दिनदर्शिका आम्ही टाकीत नाहीं. त्यांची एक गुंडाळी माळ्यावर आहे.

एकादशीचेंहि येथें निराळें आहे. खालच्या गांवांत असतांना भगर ही वाण्याच्या दुकानांतून पुडींत येणारी वस्तु, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. येथें ती डोंगरउतारावर, नांगर धड उभा राहणार नाहीं अशा जागीं पिकतांना पाहिली, आणि उपासाचें अन्न हें कोणाचें तरी रोजचें अन्न आहे हें कळलें. तेव्हांपासून आस्तिक पक्ष एकादशीला भगर खातांना थोडा संकोचतो, आणि नास्तिक पक्ष, ज्याला उपास नसतो, तो दोनदां वाढून घेतो.

या घरांत आई राहावयास आली. कोणाची आई, हेंहि आम्ही सांगत नाहीं. पक्षभेद लपविण्याकरितां नव्हे, तर शेवटल्या दोन वर्षांत तें तिला स्वतःलाच वेगळें आठवत नसे म्हणून. पोटचें कोण आणि लग्नानें आलेलें कोण, हें ती विसरली होती. दोघांनाहि ती एकाच नांवानें हांक मारी, आणि तें नांव आम्हां दोघांपैकीं कोणाचेंच नव्हतें; तें तिच्या लहानपणीं वारलेल्या भावाचें होतें. आम्ही दोघेहि त्या नांवाला 'ओ' देत असूं.

आई तापीकांठचीच. तिच्या आयुष्याचें वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नसे, आखाजीला होई. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशांत आखाजी म्हणतात. दिवाळीइतकाच, किंबहुना कांकणभर जास्तच तिचा मान. सासुरवाशिणी माहेरीं येतात, निंबाला झोके बांधतात, गाणीं म्हणतात. शेतावरच्या सालदाराचें सालहि आखाजीपासून आखाजीपर्यंत धरतात. पण त्या दिवसाचें मुख्य कृत्य म्हणजे घागर भरणें. नवी मातीची घागर पाण्यानें भरून तिच्यावर डांगर आणि आंबे ठेवावयाचे, पितरांच्या नांवानें निखाऱ्यावर आगारी टाकावयाची, आणि मग घरच्यांनीं पुरणपोळी व आमरस जेवावयाचा. घागर भरण्यापूर्वीं आंबा तोंडांत घालावयाचा नाहीं, असा आईचा नेम. जे गेले त्यांनीं आधीं खावें, राहिले त्यांनीं मागून. समज आल्यापासून तिनें तो मोडला नव्हता. चैत्रांत पोरांनीं पाडाचा आंबा तिच्या नाकाशीं धरावा, तिनें वास घ्यावा आणि परत द्यावा, ही गोष्ट आमच्या नात्यांत सर्वांस ठाऊक होती.

तिची आठवण विरत गेली, पण हा सण तेवढा राहिला. उन्हें तापूं लागलीं कीं ती रोज विचारी, "आखाजी झाली का?" नाहीं म्हटलें कीं समाधानानें मान हालवी. तासाभरानें पुन्हां विचारी. पहांटे चारच्या सुमारास ती जागी होई आणि पाणी मागे. तें देण्याचें काम नास्तिक पक्षाकडे होतें, कारण त्याची झोंप सावध. आस्तिक पक्ष सायंकाळीं तिच्यापाशीं बसून तिच्याच तोंडून शिकलेले श्लोक तिला ऐकवी. ते तिला नवे वाटत, आणि ती त्यांची तारीफ करी.

2024 सालीं आखाजी 10 मे रोजीं होती. त्या वर्षींच्या एप्रिलपासून आईचें खाणें तुटलें. भाकरी ती चघळून बाहेर काढी, भात नको म्हणे, पेजेचे दोन घोट घेई. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, ती मागेल तें द्या. पण ती कांहीं मागतच नव्हती. 2 मे रोजीं दुपारीं ती पडवींत खाटेवर पडली होती. शेजारीं कोठें तरी आंबा पिकल्याचा वास येत होता. ती उठून बसली आणि स्पष्ट म्हणाली, "आंबा दे."

महिन्याभरांत तिनें मागितलेली ती पहिली वस्तु.

नास्तिक पक्ष लगेच पिशवी घेऊन बाजारांत निघाला. आस्तिक पक्ष दारांत आडवा उभा राहिला. पुढें जें झालें तें आम्ही दोघांच्या संमतीनें थोडक्यांत लिहितों. आस्तिक पक्षाचें म्हणणें असें कीं, हा नेम तिनें ऐंशी वर्षें पाळला; आतां तिला तो आठवत नाहीं, म्हणूनच तो आपण आठवला पाहिजे. शुद्धींत असती तर तिनें आंबा मागितला नसता. जिला कळत नाहीं तिच्या हातून तिचेंच व्रत मोडविणें ही एक प्रकारची चोरी आहे. नास्तिक पक्षाचें म्हणणें असें कीं, व्रत ज्या बाईचें होतें ती बाई हळूहळू निघून गेली. समोर आहे ती भुकेली आहे, आणि भूक तिची आहे, व्रत आपलें. गेलेल्या पितरांनीं आठ दिवस आधीं खाल्लेल्या एका आंब्याबद्दल राग धरला, तर ते पितर नमस्काराच्या योग्यतेचे नव्हेत.

दोन्ही म्हणणीं आम्हांस आजहि खरीं वाटतात. त्या दिवशीं तीं एकमेकांच्या अंगावर फेंकलीं गेलीं. शेवटीं आमच्यांपैकीं एकाच्या तोंडून गेलें, "आठ दिवसांनीं ती असेल का?" हें कोण बोललें तें लिहावें कीं नाहीं यावर आज पुन्हां चर्चा झाली, आणि लिहूं नये असें ठरलें. बोलल्यावर दोघेहि गप्प झालों. आई खाटेवरून आमच्याकडे पाहत होती, आणि तिचा हात तसाच पुढें होता.

आमच्या व शेजारच्या घरामध्यें कुडाची भिंत आहे. बांबूच्या चटईला माती व शेण सारवून केलेली. तिच्यांतून सर्व ऐकूं जातें. शेजारीण मागच्या दारानें आली. तिच्या हातांत पानावर ठेवलेला एक पाडाचा आंबा होता, गांवठी, हिरवट पिवळा, देंठाशीं चीक सुकलेला. ती आईला 'याहा' म्हणत असे. त्यांच्या बोलींत याहा म्हणजे आई; या डोंगरांतल्या देवीला, देवमोगरा मातेला, याहा मोगी म्हणतात तो हाच शब्द. त्यांच्याहि घरीं नवें फळ आधीं देवाला दाखविल्याशिवाय खात नसत, हें आम्हांस ठाऊक होतें. ती म्हणाली, "हा कालच देवाला दाखवलाय. आमचा देव लवकर जेवतो. तुमचे पितर आखाजीला जेवतील. याहाला आज खाऊं द्या."

असें बोलून तिनें आंबा स्वतःच माचला, देंठ काढला, पहिला चीक पिळून टाकला आणि आईच्या तोंडाला लावला. आईनें तो सबंध चोखला. रस कोंपरापर्यंत ओघळला. मग कोय हातांत धरून तिनें नेहमींचा प्रश्न विचारला, "आखाजी झाली का?"

"झाली, आई," आस्तिक पक्ष म्हणाला.

"अजून आठ दिवस आहेत, आई," नास्तिक पक्ष त्याच क्षणीं म्हणाला, "पण हा देवाला दाखवलेला आहे."

आईनें दोघांकडे आळीपाळीनें पाहिलें आणि म्हणाली, "एक काय तें ठरवा." आणि ती हंसली. शेजारीणहि हंसली. देवाला मानणारानें आईच्या तोंडावर खोटें सांगितलें होतें, आणि न मानणारानें देवाचा आधार घेऊन खरें सांगितलें होतें. आपलें सोडून दुसऱ्याच्या बाजूनें बोलावयाचें, असें आम्हीं कांहीं ठरविलें नव्हतें. तोंडून गेलें.

आई आठ दिवसांनीं होती. 10 मेला घागर भरली, आगारी टाकली, आणि तिनें वाटीभर रस घेतला. तो पावसाळाहि तिनें काढला, दिवाळीहि काढली. 2025 च्या माघांत, थंडी उतरत असतांना, एका पहांटे तिनें पाणी मागितलें नाहीं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, 26 फेब्रुवारीला, महाशिवरात्र होती. त्या दिवसापासून सीमेपलीकडे, गुजरातेंतल्या सागबारा तालुक्यांत, देवमोगऱ्याची यात्रा भरते. सातपुड्याच्या दोन्ही बाजूंचे लोक नव्या टोपल्यांत धान्य घेऊन तेथें जातात. शेजारीण निघतांना आमच्या दाराशीं थांबली आणि म्हणाली, "याहाच्या नांवानं मूठभर दाणे द्या." आस्तिक पक्षानें डब्यांतून मूठभर ज्वारी काढून तिच्या टोपलींत टाकली. नास्तिक पक्ष जवळच उभा होता. त्यानें डबा घेतला, आणि आपलीहि एक मूठ टाकली. त्याची मूठ मोठी होती. त्यावर घरांत कांहींच बोलणें झालें नाहीं.

2025 सालीं आखाजी 30 एप्रिलला आली. आमचें लग्न 2000 सालच्या आखाजीचें. साडेतीन मुहूर्तांपैकीं एक म्हणून आमच्याकडे त्या दिवशीं पुष्कळ लग्नें लागतात. तिथीप्रमाणें म्हणजे पंचवीस वर्षें त्याच दिवशीं पूर्ण होत होतीं. पण आम्हां दोघांच्याहि डोक्यांत घागर होती, लग्न नव्हतें.

त्या एप्रिलांत बाजारांत खालून आंबे आले होते. आम्हीं घेतले नाहींत. तें न घेण्याचा आग्रह धरणारें घरांत आतां कोणी राहिलें नव्हतें, आणि आस्तिक पक्षानेंहि विषय काढला नव्हता. पुढें असें कळलें कीं, एका लग्नाच्या पंगतींत नास्तिक पक्षाच्या पानांत आमरस आला तेव्हां त्यानें दांत दुखतो असें सांगून वाटी परत केली. दांत दुखत नव्हता. पकडलें गेल्यावर त्यानें एवढेंच सांगितलें कीं, एकट्यानें खावासा वाटला नाहीं.

आखाजीच्या आदल्या दिवशीं आस्तिक पक्ष बाजारांतून नवी घागर घेऊन आला, रात्रीं तिला कुंकवाचीं बोटें ओढलीं, आणि मग घागरीपाशींच बसून राहिला. आईवांचून घागर भरण्याची ही पहिली खेप, आणि या खेपेस घागर तिच्याच नांवाची. रडून रडून त्याचें डोकें चढलें, आणि पहांटे तो उठूं शकला नाहीं. उजाडल्यावर बाहेर येऊन पाहतो तों घागर भरून ठेवलेली. खालीं गव्हाची लहान रास. मोलगीच्या बाजारांत डांगर मिळालें नव्हतें, म्हणून वर एक लहानसें कलिंगड. दोन आंबे ठेवलेले, पण देंठ भलत्याच दिशेला. निखारे पेटवून तयार, आणि शेजारीं नास्तिक पक्ष स्नान करून, ओल्या केसांनीं, मुकाट्यानें बसलेला.

आस्तिक पक्षानें आंब्यांचे देंठ नीट केले नाहींत. त्यानें विचारलें तें इतकेंच: विश्वास नसतांना हें कसें केलें? उत्तर आलें कीं, चारला जाग आली. पाणी देण्याची हाताला संवय होती.

आम्हीं दोघांनीं मिळून आगारी टाकली. आंबा कापला तो दुपारीं. जेवणें झाल्यावर घरून फोन आला आणि लग्नाला पंचवीस वर्षें झाल्याचें कोणी तरी आम्हांस सांगितलें. आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. दोघांच्याहि हातांना रस लागलेला होता, आणि फोन कोणीं धरावा हा प्रश्न होता. तोच आमचा समारंभ.

त्यानंतर दोन दिवसांनीं, 2 मे रोजीं, कांहींतरी शोधतांना माळ्यावरची गुंडाळी खालीं पडली. 2024 च्या मे महिन्याचें पान उघडलें गेलें. 2 तारखेच्या चौकटींत नास्तिक पक्षाच्या अक्षरांत 'आंबा' असें लिहिलेलें होतें. आम्हांस एकदम उमगलें कीं, ज्या तारखेस आईनें हात पुढें केला, त्याच तारखेस या वर्षीं आखाजी होऊन दोन दिवस उलटले होते. चंद्राचें वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षां सुमारें अकरा दिवसांनीं लहान, म्हणून सण मागें मागें सरकतो, आणि अधिक महिना आला म्हणजे पुन्हां पुढें जातो. तीच तारीख, तोच आंबा. एका वर्षीं तो निषिद्ध आणि दुसऱ्या वर्षीं प्रसाद. नास्तिक पक्षाच्या हातीं याहून चांगला मुद्दा पंचवीस वर्षांत आला नव्हता. तो त्यानें वापरला नाहीं. आस्तिक पक्षानेंच तो बोलून दाखविला, आणि पुढें म्हणाला कीं, या वर्षीं आखाजी लवकर आली, पण आईला उशीर झाला. दोघेहि बराच वेळ तें पान उघडें टाकून बसलों.

त्या मे महिन्यांत पाऊसहि पंचांगाबाहेरचा पडला. अवकाळी सरींवर सरी येत राहिल्या, आणि 26 मेला तर मोसमी पाऊसच मुंबईस येऊन पोहोंचला. इकडे मे हा आमचुराचा महिना. घराघरांत कैऱ्या सोलून, काप करून, खडकांवर आणि छपरांवर वाळत घातलेले असतात. डोंगरांतल्या पुष्कळ घरांत वर्षाचें मीठमिरची त्यावर येतें. काप पांढरे वाळले तर व्यापारी भाव देतो. पाणी लागलें कीं ते काळे पडतात आणि भाव उतरतो. एका रात्रीं वारा सुटला. कुडापलीकडून शेजारणीची आणि तिच्या नवऱ्याची धांवपळ ऐकूं आली. आम्ही दोघे उठून गेलों. विजेच्या उजेडांत चौघांनीं मिळून काप गोळा केले. चादरींत, टोपल्यांत, पदरांत, जें हातीं लागेल त्यांत. निम्मे कोरडे वांचले, निम्मे भिजले.

ओसरीवर दम घेत बसलों असतांना नास्तिक पक्षाला राहवलें नाहीं. त्यानें शेजारणीला विचारलें, "पहिला आंबा देवाला दिला होतात ना?" प्रश्नांत थोडी खोंच होती, आणि आस्तिक पक्षानें त्याला कोंपरानें ढोंसलेंहि. शेजारीण केस पिळीत होती. ती सहज म्हणाली, "त्याचं त्याला दिलं. आपलं आपण उचलायचं."

आम्ही त्या वाक्यावर घरीं पुष्कळ वाद घातला आहे. आस्तिक पक्षाच्या मतें त्याचा पहिला भाग महत्त्वाचा. नास्तिक पक्षाच्या मतें दुसरा. बाईनें दोन्ही भाग एका श्वासांत म्हटले होते, हें दोघांनाहि मान्य आहे.

व्यापाऱ्यानें काळा माल घेतला नाहीं. शेजारणीनें त्यांतला थोडा आम्हांस आणून दिला. तो बरणींत भरून ठेविला आहे. आमटींत घातला कीं आमटीचा रंग जरा काळवंडतो. चवींत फरक पडत नाहीं, असें दोन्ही पक्षांचें एकमत आहे.

2026 सालची दिनदर्शिका आली तेव्हां आम्हीं प्रथम आखाजी पाहिली. ती 19 एप्रिलला आहे, म्हणजे आणखी अकरा दिवस अलीकडे. त्या तारखेला या डोंगरांत आंबा पाडाला आलेला नसतो. घागरीवर कैरीच ठेवावी लागणार. त्या तारखेभोंवतीं दोन वर्तुळें काढलेलीं आहेत, एक निळ्या शाईचें आणि एक तांबड्या. आधीं कोणीं काढलें यावर वाद आहे.